डाग की चिमटा

माझं लग्न ठरताना सासऱ्यांनी मला एकच प्रश्न विचारला. स्वयंपाक येतो का, पुढे शिकायचं आहे का, हे सगळं सासूबाई आणि त्यांच्या दोन बहिणी विचारत होत्या आणि मी घोकून ठेवलेली उत्तरं देत होते. सासरे खिडकीजवळ बसून पोहे खात होते. मुलगी नाशिकजवळ अंबडला एका कारखान्यात केबलला कनेक्टर बसवतात त्या विभागात तपासनीस आहे, असं माझ्या वडिलांनी सांगितलं, तेव्हा त्यांनी पहिल्यांदा मान वर केली आणि विचारलं, "डाग देता की दाबता?"

माझ्या आईला वाटलं, कपडे धुण्याबद्दल काहीतरी आहे. ती म्हणाली, मुलगी फार नीटनेटकी आहे. मी म्हटलं, दाबतो. सासरे "अस्सं" म्हणाले आणि त्यांनी बशी खाली ठेवली. बशीत निम्मे पोहे शिल्लक होते. घरी गेल्यावर ते काय म्हणाले ते सासूबाईंनी मला पुढे कधीतरी सांगितलं. मुलगी चांगली आहे, फक्त चुकीच्या ठिकाणी नोकरीला लागली आहे.

हे कशाबद्दल चाललं होतं ते सांगायला हवं. केबल टीव्हीची काळी वायर सगळ्यांच्याच घरात असते. ती सोलली की आत तारांची जाळी दिसते, जाळीच्या आत पांढरं प्लास्टिक आणि त्याच्या मधोमध तांब्याची एक तार. हिला कोॲक्सियल केबल म्हणतात. तिच्या टोकाला कनेक्टर लावताना मधली तार मधल्या पिनेला आणि जाळी बाहेरच्या धातूला जोडायची, आणि या दोघींना एकमेकींना शिवू द्यायचं नाही, एवढंच काम. ते करायच्या दोन तऱ्हा आहेत. पहिली, सोल्डरिंग आयर्न तापवून, कथील वितळवून डाग द्यायचा. दुसरी, जाळीवर एक पितळी नळी सरकवायची आणि खास पकडीने ती चेपायची, इतकी की नळी, जाळी आणि कनेक्टर एकजीव व्हावेत. ह्याला क्रिंपिंग म्हणतात. आमच्या कारखान्यात आम्ही पंधरा-सोळा मुली दिवसभर हेच करायचो. सासरे त्याला "वायरीला चिमटा काढणं" म्हणायचे.

सासरे टेलिफोनच्या नोकरीतून निवृत्त झालेले आणि हॅम रेडिओवाले. हॅम म्हणजे सरकारी परीक्षा देऊन, परवाना काढून, घरच्या घरी बिनतारी संच चालवणारे हौशी लोक. आमच्या सिडकोतल्या घराच्या गच्चीवर त्यांची एक खोली होती. तिच्यात त्यांनी स्वतः बांधलेला एक मोठा संच होता, दुसरा विकत घेतलेला छोटा, आणि बाहेर पाण्याच्या टाकीशेजारी लोखंडी खांबावर अँटेना. लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं होतं की ही माणसं रेडिओवरून काहीतरी भारी बोलत असणार. महिनाभर ऐकल्यावर कळलं की दोन माणसं शेकडो मैलांवरून एकमेकांना विचारतात, ऐकू येतंय का. येतंय. तुम्हाला येतंय का. मलाही येतंय. मग हवामान सांगतात आणि बंद करतात. ब्रह्मदेशातला एक माणूस एकदा लागला, तेव्हा घरात श्रीखंड झालं. त्याच्याशी काय बोलणं झालं असं मी विचारलं, तर सासरे म्हणाले, त्याच्याकडेही पाऊस आहे.

घरात या छंदाबद्दल दोन मतं नव्हती, एकच होतं, आणि ते सासूबाईंचं होतं. सासरे मोठ्या संचावर बोलायला लागले की खाली टीव्हीवर आडव्या रेघा यायच्या आणि मालिकेतली बाई ऐन रडण्याच्या वेळी सासऱ्यांच्या आवाजात "ओव्हर" म्हणायची. शेजारच्या तिन्ही घरांत तसंच व्हायचं. सासूबाई जिन्यात उभ्या राहून वर ओरडायच्या नाहीत. त्या मेन स्विचपाशी जायच्या आणि गच्चीची वीज बंद करून परत येऊन बसायच्या. सासरे खाली यायचे, बटण वर करायचे आणि परत जायचे. माझा नवरा यात कधी पडला नाही. तो ट्रॅक्टरचे सुटे भाग विकायच्या कामाने आठवड्यातले चार दिवस कळवण-सटाण्याकडे असायचा, आणि घरी असला की पेपर वाचायचा.

डाग द्यायला सासऱ्यांकडे शंभर वॅटचं एक सोल्डरिंग आयर्न होतं, हातोडीएवढं. एकेकाळी ते त्याहून मोठा तांब्याचा ठोकळा गॅसच्या शेगडीवर तापवत, आणि मग दोन दिवस पोळ्यांना डाग देताना लावायच्या राळेचा वास येई. मी यायच्या आधीच सासूबाईंनी तो ठोकळा भंगारवाल्याला देऊन टाकला होता. सासऱ्यांचा सिद्धांत सोपा होता. डाग दिला की धातूला धातू मिळतो आणि तो जोड माणसापेक्षा जास्त टिकतो. दाबलेली वस्तू आज ना उद्या सैल पडते. माझं म्हणणं होतं की नीट दाबलेल्या जोडात हवा शिरायलाही जागा नसते, आणि डाग देणारे लोक कनेक्टरचं जाड अंग तापवता तापवता आतलं पांढरं प्लास्टिक वितळवून बसतात. बाहेरून कनेक्टर चांदीसारखा चमकतो आणि आत मधली तार जाळीला चिकटलेली असते. हे मी त्यांना जेवताना सांगायचे. ते ताक प्यायचे आणि म्हणायचे की चाळीस वर्षं टेलिफोन चालला तो चिमट्यांवर चालला नाही.

लग्नाला दोनेक वर्षं झाल्यावरची गोष्ट. नाशिकमधले सात-आठ हॅम रोज सकाळी सात वाजता छोट्या संचावर एकत्र जमायचे. त्यात निफाडचे एक द्राक्षबागायतदार होते. त्यांच्या बागेतल्या शेडमध्ये फोन नव्हता, संच मात्र होता. सासऱ्यांना ते काका म्हणायचे. एका सकाळी मी डबा भरत होते आणि वरून त्यांचा आवाज जिन्यातून खाली येत होता. काका, तुमचा आवाज लय कापून येतोय, निम्मं समजंना. सासऱ्यांनी सांगितलं की निफाडकडे ढग असतील. निफाडकर म्हणाले, ढग नाय, लख्ख ऊन हाय.

त्या आठवड्यात सासऱ्यांनी केबलचं टोक कापून नवा कनेक्टर लावला. आवाज आणखी गेला. मग एम. जी. रोडवरून नवी केबल आणली, तिला दोन्ही टोकांना डाग दिले. त्यांच्याकडे एक मीटर होता. अँटेनाकडे पाठवलेल्या ताकदीपैकी किती परत फिरून येते ते तो दाखवायचा. काटा इतका वर गेला की सासऱ्यांनी मीटरवर टिचकी मारली. मी चहा घेऊन वर गेले होते. मी म्हटलं, आतलं प्लास्टिक वितळलंय, मी क्रिंप करून देते, दहा मिनिटांचं काम आहे. ते म्हणाले की या घरात अजून तरी कुणाला चिमटे काढायची वेळ आलेली नाही. मी कप तिथेच ठेवून खाली आले. हे बोलणं माझ्या जिव्हारी लागलं, कारण मी दिवसाला दोनशे कनेक्टर तपासायचे आणि कारखान्यात माझी सही असल्याशिवाय एक पेटी बाहेर जात नसे. आणि इथे मला मीटरला हात लावायचीही परवानगी नव्हती.

रात्री जेवताना मी सांगितलं की मग परीक्षाच घेऊ. त्याच केबलचे दोन तुकडे, एकाला तुम्ही डाग द्या, एक मी दाबते, आणि वजन लावून बघू कोणता सुटतो. नवऱ्याने पेपर खाली घेऊन माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा वर केला. सासऱ्यांनी विचारलं, वजन म्हणजे किती? सासूबाई म्हणाल्या की धुण्याची मोठी बादली आहे, ती घ्या, पण परत जागेवर ठेवा. अशी तारीख ठरली. येता रविवार, सकाळी नऊ.

मी शनिवारी कारखान्यातून क्रिंपिंगची पक्कड आणि चार कनेक्टर रीतसर मागून घेतले. बाहेर न्यायच्या वस्तूला गेटपास लागायचा आणि त्यात कारण लिहावं लागायचं. मी खरं तेच लिहिलं, सासऱ्यांना दाखवण्यासाठी. गेटवरच्या वॉचमनने ते दोनदा वाचलं. मग पक्कड हातात घेऊन उघडझाप करून पाहिली आणि मला विचारलं, "ताई, घरी सगळं ठीक आहे ना?"

रविवारी निफाडकर पंच म्हणून आले. येताना द्राक्षांची एक पेटी आणली, त्यामुळे सासूबाईंच्या दृष्टीने परीक्षा आधीच यशस्वी झाली होती. सासऱ्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. टाकीच्या लोखंडी अँगलला दोन सॉकेट घट्ट बसवले, त्यात एकेकाचा कनेक्टर फिरवून लावला आणि केबलच्या खालच्या टोकाला बादली बांधायची असं ठरलं. त्यांचा डाग शनिवारी संध्याकाळीच तयार होता. सुरेख होता, ते कबूल करायला हवं. कनेक्टरच्या अंगावरच्या चारही भोकांतून कथील गुळगुळीत भरलेलं, कुठे टिपूसभर सांडलेलं नाही. मी तिथे सगळ्यांसमोर केबल सोलली, जाळी उलगडली, नळी सरकवली आणि पक्कड दाबली. टक् असा आवाज झाला. निफाडकर म्हणाले, एवढंच? मी म्हटलं, एवढंच. त्यांना ते फार आवडलं. सासरे आकाशाकडे बघत होते.

नाणेफेक होऊन पहिली पाळी माझी आली. बादली टांगली आणि नवरा तांब्याने पाणी ओतायला लागला. निफाडकर मोठ्याने मोजत होते. सातव्या तांब्याला मी सासऱ्यांकडे पाहून हसले. नवव्याला माझी केबल कनेक्टरमधून सुळकन बाहेर आली आणि बादली नवऱ्याच्या पायावर पडली.

कुणी हसलं नाही, ते जास्त वाईट होतं. दिवसाला दोनशे कनेक्टर तपासणारी मी, आणि माझा स्वतःचा नऊ तांब्यांत निकाल लागला होता. सासऱ्यांनी माझ्या बादलीतलं उरलेलं पाणी कुंडीत ओतलं, स्वतःच्या केबलला बादली बांधली आणि मुलाला खूण केली. त्यांच्या जोडाने बादली काठोकाठ धरली. मग त्यांनी बादलीत एक वीट ठेवली. मग दुसरी. मग ते खुर्चीवर बसले आणि चहा मागितला.

मी खाली जाऊन पर्समधून व्हर्नियर आणला. व्हर्नियर म्हणजे जाडी मोजायचं साधन, ते कारखान्याच्या सवयीने माझ्या पर्समध्येच असायचं. केबल मोजली. ती असायला हवी त्यापेक्षा बरीच बारीक होती, आणि जाळी इतकी विरळ की ती मच्छरदाणीला शोभली असती. एम. जी. रोडवरच्या दुकानदाराने सासऱ्यांना नक्कल गळ्यात मारली होती. माझ्या पकडीचा जबडा खऱ्या केबलच्या मापाचा, त्यामुळे नळी चेपली गेली पण आत धरायला पुरेसं काही नव्हतंच. हे मी सांगितलं. सासरे म्हणाले, म्हणजे तुमच्या पद्धतीला केबलही निवडून लागते, आमचं कशावरही चालतं. कारखान्यात नव्या मुलींना मी पहिल्या दिवशी सांगायचे की आधी मोजा आणि मग दाबा. मी मोजलं नव्हतं. चार माणसांसमोर टक् असा आवाज काढायची घाई झाली होती.

पण तोंडघशी पडलेल्या माणसाला गमावण्यासारखं काही उरत नाही. मी मल्टिमीटर आणला, दोन टोकं आतून एकमेकींना लागलेली असली की तो शिटी मारतो, आणि निफाडकरांना म्हटलं, आता बाबांचा जोड तपासा, मधली तार आणि बाहेरचं अंग. सासरे म्हणाले, काही गरज नाही. निफाडकरांनी तोवर दोन्ही टोकं लावली होती. मीटरने लांबलचक शिटी मारली. मधली तार जाळीला टेकलेली होती. आतलं प्लास्टिक वितळून तार सरकली होती, मी दोन आठवडे सांगत होते तसंच.

निफाडकरांनी मीटर पुन्हा लावून पाहिला. मग अगदी हळू आवाजात म्हणाले, "काका, बादली धरली ह्यानं, पण आवाज नाय धरायचा."

सासऱ्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि कनेक्टर अँगलवरून काढून खिशात घातला. परीक्षा संपल्याचं कुणी जाहीर केलं नाही. निफाडकर द्राक्षांबद्दल बोलायला लागले. नवऱ्याने पायाला हळद लावली. सासूबाईंनी बादली घेतली, तळ तपासला आणि जागेवर नेऊन ठेवली.

त्यानंतर पंधरा दिवस सासरे सकाळी सातला रेडिओवर नव्हते. मी पक्कड सोमवारीच परत केली. आमचं बोलणं चालू होतं, पण मीठ द्या आणि दार लावा एवढंच. मला वाटत होतं की हा हरल्याचा राग आहे, आणि खरं सांगायचं तर मला ते गोड वाटत होतं. मीही हरले होते, पण मी निदान माझ्या चुकीचं कारण मोजून काढलं होतं.

मग एका संध्याकाळी आम्ही दोघी मेथी निवडत बसलो होतो. सासूबाई उठल्या, मागच्या बाल्कनीत गेल्या आणि वर्तमानपत्राची एक पुडी घेऊन आल्या. कचऱ्यात सापडली म्हणाल्या. आत पाच कनेक्टर होते. पाचही जळलेले, कथलाचे ओघळ बाजूला गेलेले, एकाचं अंग काळंठिक्कर. मी बादलीच्या वेळी पाहिलेला तो गुळगुळीत डाग आणि हे ओघळ एकाच माणसाचे वाटत नव्हते. मी म्हटलं, एवढे कशाने बिघडले? तो एक तर किती छान होता.

"तो एक करायला त्यांना तीन दिवस लागले," सासूबाई म्हणाल्या. "हात हलतो गं त्यांचा आता. चहा अर्धाच कप मागतात, पाहिलं नाहीस का तू?"

मी पाहिलं नव्हतं. मी रोज त्यांना चहा नेऊन देत होते, ते कप अर्धाच भरायला सांगत होते, आणि मला वाटायचं साखर वाढली असेल. सासूबाईंनी पुडी परत बांधली. डॉक्टरकडे जाऊन आलेत, वयाचं आहे म्हणाले, असं सांगून त्यांनी पुढची जुडी ओढली. याबद्दल मी त्यांच्याशी काही बोलायचं नाही, असं त्यांनी सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती.

त्या रात्री नवऱ्याला मी विचारलं की तुला माहीत होतं का. तो म्हणाला, होतं. मग मला का नाही सांगितलं? तर म्हणाला, तुम्ही दोघं भांडत होता तेव्हा त्यांचा हात कमी हलायचा. हे त्याने पेपर न बाजूला करता सांगितलं. मला त्याचा राग आला आणि झोपही आली नाही.

पुढाकार सासऱ्यांनीच घेतला, पण त्यांच्या पद्धतीने. एका शुक्रवारी जेवताना त्यांनी भाताकडे बघत एक तांत्रिक अडचण मांडली. नवी, चांगल्या प्रतीची केबल मुंबईहून मागवली आहे. तिचं वरचं टोक खांबावर अँटेनाला जोडायचं आहे. पण टाकीच्या माथ्यावर विजेचा प्लग नाही, तिथे आयर्न तापणार कसं? अशा अपवादात्मक परिस्थितीत कंपनीतली ती पक्कड उपयोगी पडेल का, असा त्यांचा प्रश्न होता. गेली अठरा वर्षं ते खालून लांब वायर ओढून टाकीवर आयर्न तापवत आले होते. हे घरातल्या प्रत्येकाला माहीत होतं. सासूबाई भाजी वाढत राहिल्या. मी म्हटलं, पडेल ना, तिथे तर पडेलच, वर वीजच नाही.

या वेळी मी आधी मोजलं. तीनदा मोजलं. केबल खरी होती. गेटपासवर या वेळी फक्त "घरगुती काम" असं लिहिलं.

सासऱ्यांनी एक अट घातली. बाहेरची जाळी दाबायची तर दाब, पण मधल्या पिनेला डाग मीच देणार. मला हे पटण्यासारखंच होतं, आमच्याकडेही काही कनेक्टरांची पिन डाग देऊनच बसवायचे. मधल्या पिनेला मोठं आयर्न लागत नाही, पेन्सिलीसारखं छोटं चालतं. सासऱ्यांनी टेबलावर टेलिफोनची जुनी जाड डिरेक्टरी ठेवली, तिच्यावर मनगट टेकवलं, डाव्या हाताने उजवा हात धरला आणि छोटं आयर्न पिनेवर टेकवलं. मी केबल धरून बसले होते. आयर्नचं टोक थरथरत पिनेभोवती फिरलं, मग स्थिर झालं. कथील आत ओढलं गेलं. ते म्हणाले, "हलवू नकोस." मी हलवत नव्हतेच. पण मी हो म्हटलं.

केबल खांबावरच्या बारीक कड्यांतून ओवायची होती, म्हणून कनेक्टरचं अंग वर गेल्यावरच दाबायचं होतं. मग मी टाकीच्या शिडीवर चढले. पंजाबी ड्रेस, खांद्यावर केबलची गुंडाळी, ओढणी कमरेला. रविवारची वेळ असल्याने शेजारच्या गच्च्यांवर पापड घालणाऱ्या बायका आणि केस वाळवणाऱ्या मुली सगळ्या हजर होत्या. सिडकोतल्या त्या गल्लीने टाकीवर चढलेली सून तोवर पाहिली नव्हती. एका बाईंनी सासूबाईंना खालून विचारलं की भांडण झालंय का. सासूबाईंनी सांगितलं, नाही, वायरीचं काम आहे. सासरे शिडी धरून उभे होते आणि वर बघून सूचना देत होते. नळी सरळ ठेव. जाळी नखाने बसव. घाई नको. मला त्यातलं सगळं येत होतं आणि मी प्रत्येक सूचनेला हो बाबा म्हणत होते, याचं मलाच नवल वाटलं. पक्कड टक् वाजली. मी खाली उतरेपर्यंत सासरे खोलीत जाऊन मीटर लावून बसले होते. काटा जागचा हलला नाही.

"ठीक आहे," ते म्हणाले. त्यांच्या तोंडून माझ्या कामाबद्दल निघालेलं हे पहिलं चांगलं वाक्य.

दुसऱ्या दिवशी सात वाजता ते पुन्हा रेडिओवर आले. मी डबा भरत होते आणि जिन्यातून ऐकू येत होतं. निफाडकर म्हणाले, काका, आवाज एकदम खणखणीत हाय, काय केलं? सासऱ्यांनी सांगितलं की केबल नवी आहे, पिनेला डाग मी दिलेला आहे, जाळी सूनबाईंनी दाबलेली आहे, आणि पुढेमागे बिघाड झाला तर तो जाळीतच असणार, सर्वांनी नोंद घ्यावी. सर्वांनी नोंद घेतली. मी डब्याचं झाकण लावून जिन्याखाली थोडा वेळ उभी राहिले.

पुढच्या जुलैत आवाज पुन्हा खरखरायला लागला. सासऱ्यांचा चेहरा उजळला, त्या दिवशी ते दोन पोळ्या जास्त जेवले. पाऊस थांबल्यावर मी वर चढून कनेक्टर फिरवून सोडवला. पिन ठीक, जाळी ठीक. पाणी शिरलं होतं ते अँटेनाच्या बुडाशी असलेल्या जोडणीच्या डब्यातून, जिथे त्यांनी कधीकाळी काळी चिकटपट्टी गुंडाळली होती. मी ती सुटलेली पट्टी खाली आणून त्यांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली आणि चिकटपट्टीच्या कारखानदाराबद्दल बरंच काही बोलले.

पुढच्या काही वर्षांत मोबाइल आले, निफाडकरांच्या बागेतल्या शेडमध्येही आला, तरी सकाळी सातचा कार्यक्रम काही थांबला नाही. उलट दुसरंच सुरू झालं. त्या नोंद घेतलेल्या मंडळींपैकी एकेक जण रविवारी आमच्याकडे यायला लागला, हातात केबलची गुंडाळी घेऊन. पिन काकांनी, जाळी वहिनींनी. मी तोवर स्वतःची पक्कड घेतली होती, गेटपासची भानगड संपली होती. सासरे डिरेक्टरीवर मनगट टेकवून पिना करायचे आणि आलेल्या माणसाला समजावून सांगायचे की संपूर्ण डाग हीच खरी पद्धत, ही मधली तडजोड आहे, पण हल्लीच्या केबली तेवढ्या लायकीच्या राहिलेल्या नाहीत. मी शेजारी बसून दाबत असायचे आणि म्हणायचे की ते सांगतात त्यावर विश्वास ठेवू नका. आलेला माणूस दोघांकडे आळीपाळीने मान हलवायचा, कारण त्याला केबल हवी असायची.

दोघा-तिघांपर्यंत ठीक होतं. एका रविवारी सात जण आले, जिन्यापासून गच्चीपर्यंत चपला, आणि सगळ्यांना चहा. त्या संध्याकाळी सासूबाईंनी गच्चीच्या खोलीच्या दाराला पुठ्ठा टांगला. त्यावर त्यांच्या अक्षरात लिहिलं होतं की एका रविवारी दोनच केबली घेतल्या जातील, तिसऱ्याने दूध घेऊन यावं. सासरे म्हणाले, हे बरं दिसत नाही. त्या म्हणाल्या, मग चहा तुम्ही करा.

पुढच्या रविवारी निफाडकर आले ते एका हातात केबल आणि दुसऱ्या हातात दोन लिटरची दुधाची किटली घेऊन.